गोड शेवटाला नाकं का मुरडायची?

आमच्या केंद्रावर मध्यंतरी एक छोटासा वाद झाला. नवऱ्याने घराबाहेर काढलेली एक बाई पोटगीच्या दाव्यासाठी आमच्याकडे येते. वकीलताईंची वाट बघत बाकावर बसली होती. हातात वाचनालयाची कादंबरी, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. आमच्यातली एक तरुण कार्यकर्ती तिला म्हणाली, “मावशी, कशाला असलं वाचता? शेवटी लग्नच होणार ना त्या दोघांचं!” बाईने पुस्तक मिटलं नाही. म्हणाली, “होणारच आहे. मी घ्यायच्या आधी शेवटचं पान बघून घेते. ती मेली नाही ना, एवढं बघते. माझ्या केसचं काय होणार ते मला कुणीच सांगत नाही. या पुस्तकाचं तरी आधी माहीत असतं.”

आमची मुलगी हसली. मी हसले नाही, कारण दहा-पंधरा वर्षांपूर्वी मीही तेच बोलले असते. शिबिरांमधून आपण किती वेळा म्हटलंय की या प्रेमकथा म्हणजे बायकांना दिलेली अफू आहे, त्यातला सुखान्त खोटा आहे, तो वाचून बायका स्वप्नात रमतात आणि अन्याय सोसतात! ह्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. त्याकडे मी येतेच. पण आधी आपल्याला एक प्रश्न विचारायचा आहे. एखाद्या बाईने गोष्टीचा शेवट गोड मागितला, तर त्यात तिचं चुकलं काय?

मराठी कादंबरीचा इतिहास जरा आपल्या नजरेने पाहू या. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली. आपल्याकडची पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. तिच्यातली यमुना विधवा होते, विधवांचे हाल बघते आणि सोसते, आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. पदमनजींना धर्मप्रसार करायचा होता हे उघड आहे, ते बाजूला ठेवू. पण विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा आणि ही कादंबरी लगेच पुढच्या वर्षीची. त्या काळात विधवेच्या गोष्टीला गोड शेवट देणं ही केवढी मोठी मागणी होती! तो शेवट वाचून सनातनी माणूस सुखावला नसेल, खवळला असेल.

त्यानंतर तेहतीस वर्षांनी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ‘करमणूक’मधून १८९० पासून येऊ लागली. हिच्यातही यमूच. ती स्वतःची कहाणी स्वतः सांगते, विधवा होते, तिचं केशवपन होतं आणि ती मरते. ही कादंबरी मोठी आहे, हरिभाऊंची कळकळ खरी आहे, आणि अशा असंख्य यमू घरोघर होत्या. पण गंभीर साहित्यात बाईने शेवटी मरावं हा पायंडा आपल्याकडे इथून पक्का झाला, असं मला वाटतं. तिच्या मरणावर वाचक रडला आणि रडून मोकळा झाला. जिवंत राहिलेल्या यमूचं काय करायचं, तिला घर कोण देणार, ती पोटाला काय करणार, हे प्रश्न मरणाने परस्पर मिटवले.

आणि गंमत बघा, याच काळात मुंबईत रखमाबाईंची गोष्ट घडून गेली होती. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. खटला चालला. १८८५ साली निकाल तिच्या बाजूने लागला. १८८७ साली तो फिरला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. ‘केसरी’ तिच्यावर तुटून पडला होता. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि ती मोकळी झाली. मग इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली, सुरत-राजकोटला बायकांच्या इस्पितळांतून तिने आयुष्यभर काम केलं, आणि पुन्हा लग्न केलं नाही. हा सुखान्त नाही तर दुसरं काय? पण त्या काळच्या कादंबरीत असा शेवट कुणाला सुचला नाही. यमूला मरणच मिळालं.

म्हणून मला म्हणायचंय की दुःखान्त म्हणजे वास्तव आणि सुखान्त म्हणजे खोटेपणा, हे समीकरण आपण डोळे मिटून घेऊ नये. ते साहित्यातल्या पुरुषांनी आपल्याला शिकवलेलं आहे. वाचनालयातून बायका ज्या लेखिकांची पुस्तकं रांगा लावून नेत, त्यांना ‘बायकी’, ‘स्वयंपाकघरातल्या’ म्हणून समीक्षकांनी पंगतीबाहेर बसवलं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातलं बोलणारं, तेव्हा कोण गहजब झाला! मालतीबाई बेडेकरांना विभावरी शिरूरकर या नावाच्या आड राहावं लागलं. बाईने स्वतःच्या सुखाबद्दल बोलणं हाच तिथे गुन्हा होता. सुख मागणं आपण बायकांनी कधीपासून हलकं मानायला लागलो?

आपल्या आज्या-पणज्यांनी ते हलकं मानलं नव्हतं. श्रावणातल्या कहाण्या आठवा. प्रत्येक कहाणी सुफळ संपूर्ण व्हायलाच हवी, त्याशिवाय ऐकणारीने हातातल्या अक्षता टाकायच्या नाहीत. आणि ते सुफळ काय असे? सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत राजाच्या हुकमावरून सगळं गाव आपल्या पोराबाळांच्या, वासरांच्या तोंडचं दूध नेऊन महादेवाच्या गाभाऱ्यात ओततं, पण गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी घरातल्या सगळ्यांना, वासरांनाही पोटभर पाजून उरलेलं खुलभर दूध नेते, आणि गाभारा भरतो. शुक्रवारच्या कहाणीत श्रीमंत भाऊ गरीब बहिणीला पंगतीतून उठवतो. तिचे दिवस पालटल्यावर तोच तिला मानाने जेवायला बोलावतो. तेव्हा ती अंगावरचे दागिने पाटावर काढून ठेवते आणि एकेक पदार्थ दागिन्यांपुढे मांडते. भावाच्या डोक्यात लख्ख उजेड पडतो. या दोन्ही कहाण्यांचा शेवट लग्नात नाही. एकीत बाईची अक्कल राजाच्या हुकमापेक्षा मोठी ठरते, दुसरीत अपमान करणाऱ्याला तो अपमान दाखवला जातो आणि त्याला माफी मागावी लागते.

या कहाण्यांत व्रत आहे, वसा आहे, नेमाने वागलीस तरच फळ मिळेल असा दम आहे, हे मी विसरले नाही. पण गोड शेवट म्हणजे नवरा मिळणं, हा अर्थ इतका चिंचोळा नव्हता, एवढंच मला दाखवायचंय. तो चिंचोळा बाजाराने केला. मिल्स अँड बून ही लंडनची कंपनी १९०८ सालची. पुढे तिने प्रेमकथांचा कारखानाच काढला. आपल्याकडे कॉलेजातल्या मुली ही पुस्तकं फुटपाथवरून किंवा भाड्याने आणून वाचत, २००८ पासून कंपनी स्वतःच भारतात उतरली. अमेरिकेतल्या प्रणयकथा-लेखकांच्या संघटनेने तर व्याख्याच करून टाकली की मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायक हवा. वाचकाला माल कसा मिळणार याची ही हमी. आज मोबाइलवर रोज एकेक भाग टाकणाऱ्या कथांमध्येही वाचक हीच हमी मागतो.

जॅनिस रॅडवे या अमेरिकन संशोधिकेने १९८४ साली एक पुस्तक लिहिलं. एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी ती तासन्‌तास बोलली. त्या बायकांना दोन गोष्टी अजिबात नको होत्या: बलात्कार आणि दुःखी शेवट. त्यांच्यातल्या कित्येकजणी आमच्या बाकावरच्या बाईसारखं आधी शेवटचं पान बघत. घरात सगळ्यांचं करणाऱ्या त्या बायका सांगत होत्या की पुस्तक हातात असतं तेवढा वेळ माझा असतो. म्हणजे वाचणारी बाई बावळट नाही, तिला काय हवंय ते तिला नेमकं कळतं. कुणीतरी आपली काळजी घ्यावी, आपलं मन ओळखावं, आपल्याला दुखावणाऱ्याने ते कबूल करावं.

पण रॅडवेने पुढचंही सांगितलं, आणि माझं खरं भांडण तिथे आहे. या कादंबऱ्यांतला नायक सुरुवातीला तुसडा असतो, टोचून बोलतो, संशय घेतो, दंड करकचून धरतो. शेवटाला कळतं की हे सगळं प्रेमच होतं! नायिकेला ते ओळखता येत नव्हतं, एवढीच तिची चूक. मागची दोनशे पानं या एका उलगड्याने धुऊन निघतात. मैत्रिणींनो, हा उलगडा आपण केंद्रावर रोज ऐकतो. “मारतो, पण जीव आहे त्याचा माझ्यावर.” “सासू गेली की सुधारेल.” “मूल झालं की बदलेल.” ती शेवटच्या पानाची वाट बघत असते. पुस्तकात ते पान ठरलेलं असतं, घरात ते असेलच असं नाही. आपल्याला विरोध करायचाय तो या खोट्या हमीला. शेवट गोड असण्याला विरोध करायचं कारण नाही. छळाचा अर्थ बदलून तो गोड केला जातो, हे आपण ठणकावून सांगायला हवं.

दुसरं भांडण पुस्तक कुठे मिटतं याच्याशी आहे. ते मंडपात मिटतं. आपली कामं तिथून सुरू होतात. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली, तेव्हा या मिटलेल्या पुस्तकांची पुढची पानं पहिल्यांदा एवढ्या संख्येने एकत्र येऊन बोलली. आणि जातीबाहेर प्रेम केलं असेल तर? २०१६ साली ‘सैराट’ आला. पळून जाऊन लग्न झालं, संसार उभा राहिला, मूल झालं, थिएटरातल्या लोकांनी सुस्कारा सोडला, आणि मग तो शेवट. काहीजण म्हणाले, असा कशाला केला? मला त्यांचा राग येत नाही. त्या दोघांनी जगावं ही इच्छा चांगलीच आहे. पण ती इच्छा थिएटराबाहेर आली की तिला काय काय लागतं ते बघा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते. त्या तीस दिवसांत मुलीला घरून उचलून नेलं जाऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं की अशा जोडप्यांना सुरक्षित निवारे द्या. तुमच्या जिल्ह्यात तो निवारा कुठे आहे, तिथे फोन कोण उचलतं, ते एकदा जाऊन बघा. गोड शेवटाला दार-खिडक्या लागतात, पोलीस लागतात, भाड्याची खोली आणि हाताला काम लागतं.

आणि हे शेवट आपण थोडेफार बदललेही आहेत, बरं का! पोटगीला महिना पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ साली उठली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला राहत्या घरात राहायचा हक्क दिला, घर कुणाच्याही नावावर असो. हे कायदे म्हणजे बायकांनी मोर्चे काढून, जबान्या देऊन, स्वतः लिहिलेली शेवटची पानं आहेत. अजून अर्धवट आहेत, कागदावर आहेत, हे खरं. पण आपण ती गोष्ट सांगतो कुठे? आमच्या गटाची जुनी पथनाट्यं आठवली तर प्रत्येकीत शेवटी बाई जळते आणि आम्ही गोल करून घोषणा देतो. आपल्या मासिकांतल्या केसेसही बहुतेक मरणावर किंवा रखडलेल्या तारखेवर संपतात. जी निभावून गेली, जिने दोन खोल्या घेतल्या, मुलीला नर्सिंगला घातलं, तिची केस ‘निकाली’ म्हणून कपाटात जाते. तिच्यावर लेख होत नाही. आपणही हरिभाऊंच्याच वाटेने चाललोय की!

यावर कुणी म्हणेल, “खरं आयुष्य असं नसतं.” मान्य. म्हणून तर मागायचं. जे आहे त्यालाच वास्तव म्हणत बसलो असतो तर चळवळ काढलीच नसती.

तेव्हा लिहिणाऱ्या मैत्रिणींकडे माझं मागणं आहे. सुखान्त जरूर लिहा, पण मारणाऱ्याला शेवटी प्रियकर करू नका. नायिकेला नवरा द्यायचा तर द्या, पण त्याआधी घराच्या कागदावर तिचं नाव येऊ द्या, मैत्रिणी येऊ द्या, तिच्या कामाचे पैसे तिच्या हातात पडू द्या. एकटी राहिली तर तिला बिचारी करू नका. मंडपात पुस्तक मिटू नका, पाच वर्षांनी ती कशी आहे ते सांगा. आणि आपण कार्यकर्त्यांनी वाचनालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला उपदेश करण्याआधी तिच्या शेजारी बसून विचारावं की बाई, या शेवटातलं तुला काय आवडलं?

आमच्या बाकावरच्या बाईला मी ते विचारलं. पुढच्या तारखेला आली तेव्हा पुस्तक वाचून झालं होतं. म्हणाली, “तो काही मला पटला नाही, फार गुर्मी. पण मध्ये तिला नोकरी लागते आणि ती स्वतःच्या पैशाने आईला साडी घेते ना, तिथे बरं वाटलं. ते पान मी दोनदा वाचलं.”

शेवट कुठला असावा ते तिला कळतं. तिला पोटगी अजून मिळायची आहे.