पत्रे पोहोचतात, मिस्त्री पोहोचत नाही

चक्रीवादळ बुटीबोरीला येत नाही. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे. पण राज्यात कुठेही वादळ झालं, महापूर आला, की चार-आठ दिवसांत इथल्या औद्योगिक वसाहतीत पावती पुस्तकं फिरू लागतात. कुठे एक दिवसाचा पगार कापून घ्यायला कामगार संमती देतात, कुठे जुम्याच्या नमाजनंतर चंद्यासाठी चादर पसरली जाते. कपडे, तांदूळ, ताडपत्र्या, बिस्किटांचे खोके भरून गाडी निघते. याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. पहिल्या आठवड्यात माणसाला पोटात अन्न आणि डोक्यावर आडोसाच लागतो. आमचा प्रश्न त्यानंतरचा आहे. गाडी रिकामी होऊन परत आली, फोटो झाले, मग तिसऱ्या महिन्यात तिथे कोण जातं?

निसर्ग वादळाचं उदाहरण घेऊ. ३ जून २०२० रोजी दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग या पट्ट्यातली घरं उघडी पाडली. कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती असलेली कितीतरी गावं याच पट्ट्यात आहेत. राज्य सरकारने नेहमीचे दर वाढवले. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, फळबागेला हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार. ऐकायला रक्कम बरी वाटते. पण कोकणातली वाडी हेक्टरात नाही, गुंठ्यात मोजतात. एका गुंठ्याचा हिशेब जेमतेम पाचशे रुपये होतो. तेवढ्या जागेत आडव्या पडलेल्या पोफळी आणि नारळाची खोडं कापून बाहेर काढायची मजुरीसुद्धा त्यात निघत नाही. आणि नवीन रोप लावलं तरी सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं लागतात.

त्यात तो टाळेबंदीचा काळ. धान्याची पाकिटं पोहोचली, पत्रेही पोहोचले. पण पत्रा चढवायला, वासे बदलायला, कापलेली खोडं ओढायला माणसं हवी होती. वीज यायला काही गावांत कित्येक आठवडे लागले. ती आणली कोणी? महावितरणने राज्याच्या इतर भागांतून पाठवलेल्या पथकांनी. एकाच कार्यालयात रोज सोबत काम करणारे लाइनमन, सोबतच गाडीत बसून परक्या जिल्ह्यात गेले आणि खांब उभे केले. हे त्यांचं नोकरीचं काम होतं, खिदमत म्हणून नव्हतं, हे मान्य. तरी यातली गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एकमेकांच्या हाताची सवय असलेली टोळी गेली म्हणजे काम होतं. अनोळखी शंभर जण गेले की निम्मा दिवस कोणी काय करायचं यातच जातो.

केरळने हे २०१८ च्या महापुरानंतर दाखवलं. ऑगस्टच्या शेवटी कुट्टनाड साफ करायला हजारो स्वयंसेवक उतरले, त्यात फक्त झाडू घेतलेले लोक नव्हते. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार असे कारागीर सोबत होते. गाळ काढलेल्या घरात वायरिंग तपासून दिल्याशिवाय माणूस राहायला जाऊ शकत नाही, ही साधी गोष्ट तिथे आधी ओळखली गेली.

आता आपल्याकडे बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर पाण्याखाली गेले. सीना नदीने माढा-मोहोळची गावं बुडवली, धाराशिवात भूम-परंड्याची शिवारं खरडून गेली. ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांनी ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख, शिवाय रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामं. गाळाने भरलेल्या विहिरीला ३० हजार. पॅकेज पुरेसं की अपुरं यावर विधिमंडळात आणि टीव्हीवर पुष्कळ बोलून झालं, ते आम्ही इथे उगाळत नाही. विहिरीचंच बघू. ३० हजारांत गाळ काढायचा, पाण्यात बुडालेली मोटर भरून आणायची, स्टार्टर बदलायचा, केबल नवीन टाकायची. पुरानंतर पंचक्रोशीतल्या सगळ्याच मोटरी एकदम खराब झालेल्या असतात. मोटर भरणारी दुकानं तालुक्याला मोजकी. नंबर लागता लागता रब्बीची पेरणी निघून जाते.

आणि बुटीबोरीत काय आहे? टायर, धागा, वीजमनोऱ्यांचे सांगाडे बनवणारे कारखाने. म्हणजेच फिटर, वेल्डर, वायरमन, मोटर खोलून जोडणारे मेंटेनन्सवाले. पाच जणांची अशी टोळी एखाद्या गावात चार दिवस बसली, तर ती जे करील ते बिस्किटांच्या ट्रकने होणार नाही.

मग जात का नाहीत? दानत नाही म्हणून नव्हे. जवळ असलं तर लोक जातातच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. अशा वेळी साप्ताहिक सुट्टीत जाऊन गाळ उपसता येतो, रात्री परत येता येतं. पण ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले, ब्रह्मपुरी-वडसा भागातली गावं वेढली गेली. तिथे एका सुट्टीत काही होत नाही. सलग रजा लागते.

खरी अडचण हीच. कायम कामगाराला रजा असते, पण ती बहीण-भावाच्या लग्नाला आणि आई-वडिलांच्या दवाखान्यालाच पुरत नाही. ठेकेदाराकडच्या माणसाची तर हजेरी बुडाली की पगार बुडाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन श्रम संहिता लागू झाल्या. पगारी रजेसाठी १९४८ च्या कारखाना कायद्यात वर्षाला २४० दिवसांची हजेरी लागायची, आता १८० दिवस सांगितले आहेत. वीस दिवसांमागे एक रजा हे प्रमाण तेच. कागदावर हा फायदाच आहे. पण ठेकेदार बदलला की बऱ्याच जणांचे दिवस पुन्हा शून्यापासून मोजले जातात, तिथे १८० काय आणि २४० काय.

दुसरी गाठ कंपनी कायद्याची. ठरावीक मर्यादेवरच्या नफ्याच्या किंवा उलाढालीच्या कंपनीला सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. आपत्तीनंतरचं पुनर्वसन आणि पुनर्बांधणी त्या यादीत २०१९ पासून स्पष्टपणे आहे. पण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती या दोन टक्क्यांत धरता येत नाही, असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचं स्पष्टीकरण आहे. यामागे कारण आहे, नाहीतर कंपन्या आपलेच पगार समाजसेवा म्हणून दाखवतील. पण परिणाम असा, की व्यवस्थापनाला ट्रकभर सामान पाठवणं हिशेबात बसतं, पाच फिटर पाठवणं बसत नाही. आमच्या मते आपत्ती जाहीर झालेल्या जिल्ह्यापुरती, जिल्हाधिकाऱ्याच्या मागणीवरून आणि दिवसांची मर्यादा घालून, यात सूट द्यायला हरकत नसावी.

समाजाच्या पैशाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. मदतीच्या पेटीत जकात आणि नफ्ल सदका एकत्र पडतात, मग वाटताना घोळ होतो. हनफी मसलकात जकात अदा व्हायला हक्कदाराला त्या वस्तूचा मालक बनवावं लागतं. म्हणजे पत्रे गरजू माणसाच्या हाती देता येतात, पण स्वयंसेवकांचं गाडीभाडं किंवा सामायिक विहिरीचा खर्च जकातीतून काढता येत नाही. तो सदक्यातून आणि साध्या चंद्यातून काढावा. सदका तर गावातल्या कोणाही गरजूला चालतो, धर्म विचारायचं कारण नाही. पुराचं पाणी घर बघून शिरत नाही. दोन पेट्या ठेवल्या तर हा गोंधळ पहिल्याच दिवशी मिटतो. मसला कुठे अडलाच तर आपल्या इमाम साहेबांना आधी विचारावं.

एक धोका मात्र आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. बाहेरून आलेल्या संस्थांनी घाईने घरं बांधून दिली, पण बऱ्याच ठिकाणी रांगेतल्या घरांत ना गुरांना जागा, ना जुन्या शेजाराची सोय. गावाला विचारायचं राहून गेलं होतं. बाहेरच्या टोळीने फुकटात काम करून स्थानिक गवंड्याची रोजी मारणं, हेही तितकंच वाईट. त्याच्या हाताखाली काम करावं, त्याची मजुरी पेटीतून द्यावी. त्याला गावातलं प्रत्येक छप्पर माहीत असतं.

मे-जूनमध्ये अरबी समुद्र तापतो, मग पावसाळा, पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळांचे दिवस. त्याआधी प्रत्येक युनियनने आणि प्रत्येक मशिदीच्या कमिटीने एका वहीत चार रकाने आखावेत: नाव, हातचं काम, शिफ्ट, किती दिवस निघू शकतो. ज्याची हजेरी बुडणार त्याची रोजी कोण भरून देणार, हा पाचवा रकाना. तो भरलेला नसेल तर पहिले चार लिहूच नयेत.