प्रणाली बदलावी, ठेव राखावी

घराच्या कोपऱ्यात अहोरात्र चालणारा एखादा जुना संगणक आणि त्यात साऱ्या कुटुंबाची छायाचित्रे, आजीच्या आवाजातील ओव्या, जमिनीच्या कागदांच्या प्रती : यालाच हल्ली घरचा सर्व्हर म्हणतात. त्यातील ठेव पिढ्यान्‌पिढ्यांची, पण कार्यप्रणाली मात्र अल्पायुषी. डेबियन या विनामूल्य प्रणालीची बारावी आवृत्ती जून २०२३ मध्ये निघाली, तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये. जुन्या आवृत्तीची डागडुजी कालांतराने थांबते, आणि प्रणाली नव्याने बसविणे भाग पडते.

अशा वेळी कित्येकजण भीतीने वर्षानुवर्षे हातच लावीत नाहीत. कित्येकजण एखाद्या रविवारी बेधडक कामाला बसतात. आमच्या मते दोघेही चुकतात, आणि दोघांच्या चुकीचे मूळ एकच आहे. प्रणाली कोठे आहे व ठेव कोठे आहे, हे त्यांस ठाऊक नसते.

आपल्या सोनागिरीपासून जवळच ‘भेल’चा कारखाना आहे. यंत्र खोलण्यापूर्वी प्रत्येक भागावर खूण करावी, हे तेथील फिटरला कोणी सांगावे लागत नाही. हीच रीत येथे हवी. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही डिस्कांची नावे संगणक पुन्हा सुरू होताच अदलाबदल होऊ शकतात; म्हणून प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक वहीत लिहावा, वहीतच, त्या संगणकात नव्हे! वापरकर्त्यांचे क्रमांकही टिपावेत. नव्या प्रणालीत एखाद्यास निराळा क्रमांक मिळाला, तर स्वतःच्याच फायली त्यास परक्या होतात. डेटाबेस बहुधा प्रणालीच्याच डिस्कवर दडलेला असतो आणि नेमका त्याचाच विसर पडतो. त्याची निर्यात आधी वेगळी काढावी. मग ठेवीच्या डिस्कची तार काम संपेपर्यंत काढून ठेवावी. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती चुकून पुसली जाणार कशी?

दोन डिस्कांवर एकच मजकूर उमटविणारी ‘रेड’ योजना असली की प्रतीची गरज नाही, असा एक समज आहे. तो आम्हांस मुळीच मान्य नाही. एक डिस्क बिघडली तर ती योजना तारते. पण हाताने पुसलेले दोहोंवरून त्याच क्षणी जाते. आणि प्रत आहे एवढ्यानेही भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून भलत्याच सर्व्हरवरील माहिती पुसली गेली. प्रती ठेवण्याच्या अनेक योजना होत्या. ऐन वेळी एकही कामास येईना. सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावले. त्या सहा तासांतली माहिती मात्र गेली. जेथे तज्ज्ञांची ही गत, तेथे आपण आपली प्रत एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहण्याचा आळस का करावा?

हे काम दुकानदारावर सोपविण्यापेक्षा घरातल्या नववी-दहावीच्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून करावे, असे आम्हांस वाटते. कोणते काय व कोठे ठेवले आहे, हे दुकानदाराला कसे कळावे? शक्य असेल तर नव्या प्रणालीसाठी एक लहानशी नवी डिस्क घ्यावी, आणि जुनी प्रणाली जशीच्या तशी काढून, तारीख लिहून, दोन-तीन महिने कपाटात ठेवावी.