साहेबाचे कट्टे आणि तीस वर्षांचा बग

मागच्या पावसाळ्यात विजयदुर्गला काकांकडे गेलो होतो. चुलतबहिणीच्या मुलीला शाळेत १८ ऑगस्टला, म्हणजे 'हेलियम दिना'ला, भाषण करायचं होतं. विषय अर्थातच 'आमच्या गावात लागलेला हेलियमचा शोध'. अस्मादिकांना म्हटलं, जरा वाचून बघ. बघितलं, आणि नसती आफत ओढवून घेतली.

गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर नावाच्या साहेबाने विजयदुर्ग किल्ल्यावरून दुर्बीण लावली आणि त्याला हेलियम सापडला. पुरावा? किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे'.

आता बोला! लॉकियर १८६८ साली भारतात आलाच नव्हता. ग्रहण बघायला फ्रान्सचा जान्सेन आला होता, तोही गुंटूरला. लॉकियरने सूर्यावरच्या ज्वाला इंग्लंडात बसून, २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना टिपल्या. त्यांच्या वर्णपटातली पिवळी रेघ सोडियमची नाही, हे त्याच्या ध्यानात आलं आणि हेलियम हे नाव पडलं.

मग कट्टे कुठून आले? लॉकियर विजयदुर्गला आला होता हे खरंच आहे, फक्त तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८, शनिवार, पुन्हा खग्रास ग्रहण. एचएमएस मेल्पोमीन ही युद्धनौका दिमतीला होती आणि किल्ल्यात तळ पडला होता. साहेबाने बोटीवरच्या खलाशांनाच यंत्रांवर उभं करून त्यांच्याकडून कवायत करून घेतली. (आमच्या क्षेत्रात रिलीजच्या आधी ड्राय रन करतात, तसंच.) त्याआधी तीन वर्षं, १८९५ साली, रॅम्सेने हेलियम प्रयोगशाळेत पकडलासुद्धा होता. म्हणजे शोधायचं काही शिल्लकच नव्हतं. कट्ट्यांना १८९८ साल बरोबर बसतं. कुणीतरी दोन ग्रहणं एकाच फाईलीत मर्ज केली आणि ती फॉरवर्ड होत राहिली.

मला राग याचा येतो की या गावाला उसन्या मोठेपणाची गरजच नाही. शिवाजी महाराजांनी घेतलेला, आंग्र्यांनी गाजवलेला हा किल्ला. १७५६ साली इंग्रज आरमार तुळाजी आंग्र्यांवर चालून आलं, सोबत क्लाइव्ह होता आणि बाजूने पेशवेही. आंग्र्यांची जहाजं इथेच जळली. आपल्याच लोकांनी आपलं आरमार बुडवायला हात लावला, हे पोरांनी भाषणात सांगायला नको? त्याच १८९८ च्या ग्रहणाला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला जेऊरला यंत्रं घेऊन उभे होते. त्यांचे कट्टे कुणी दाखवत नाही. आपल्याला शोध हवा, पण तोही साहेबानेच लावलेला!

असो. काका मात्र भडकले. "मेल्या, चार बुकां वाचलंस म्हणान आमचो हेलियम खोटो काय?"

पोरीचा चेहरा उतरला. भाषण पाठ झालं होतं. रात्री दोघांनी बसून नवं लिहिलं: हेलियम एका परिच्छेदात, १८९८ चं ग्रहण दोन परिच्छेदांत. सकाळी तिने ते काकांना म्हणून दाखवलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"पण साहेब हयसर इल्लो ना?"

"इल्लो."

"मगे झाला तर!"