पैजेने हात सुधारतो काय?

पैसे लावल्यावाचून ‘पूल’मध्ये हात बसत नाही, असा समज या खेळाच्या शौकिनांत रूढ आहे. त्यात तथ्यांश आहे, हे आम्ही नाकारीत नाही. खिशाला झळ लागण्याची धास्ती असली की मन एकाग्र होते. परंतु दडपण सोसणे वेगळे आणि चूक सुधारणे वेगळे. चूक सुधारण्यास तोच फटका शंभरदा चुकण्याची मुभा लागते. पैज नेमकी तीच हिरावून घेते. पैजेचा खेळाडू नवे फटके टाळतो, दुबळा प्रतिस्पर्धी शोधतो, प्रसंगी आपले कसबही लपवितो. ही विद्या नव्हे, व्यापार होय.

१९५८ साली कलकत्त्यास बिलियर्ड्सचे जगज्जेतेपद मिळविणारे, पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी जिंकलेली स्पर्धा हौशी खेळाडूंची होती. महाभारताचीही साक्ष हीच आहे. द्यूतसभेत सर्वस्व पणाला लावूनही धर्मराजाला फासे वश झाले नाहीत. अक्षविद्या त्याला लाभली ती वनवासात, बृहदश्व ऋषींकडून, काहीही पणाला न लावता.

गोमंतकात १९७६ चा जुगारविरोधी कायदा आहे आणि त्यातच दुरुस्त्या करून कॅसिनोंना वाट दिलेली आहे. मांडवीच्या पात्रात जुगार झगमगत असता तरुणांना कोरडा उपदेश करणे व्यर्थ होय. म्हणून क्रीडामंडळांनी गावोगाव अल्प शुल्काच्या स्पर्धा भरवाव्यात, असे आम्ही सुचवितो. दडपण हवेच असेल तर ते तेथेही मिळेल. मात्र हरणाऱ्याच्या घरची चूल विझणार नाही.