विश्वासाच्या क्रमांकाआडचे विक्रेते

मोबाइलच्या पडद्यावर ‘०२२’ किंवा ‘०२०’ने सुरू होणारा क्रमांक उमटला, की मुंबई-पुण्यातला माणूस तो बहुधा उचलतो. रुग्णालय असेल, शाळेचे कार्यालय असेल, असा त्याचा कयास असतो. दहा आकड्यांतला पहिला आकडा ६ ते ९ असेल तर मोबाइल, आधी शहराचा एसटीडी कोड असेल तर लँडलाइन, आणि लँडलाइन म्हणजे ठाव-ठिकाणा असलेला माणूस, ही खूणगाठ जुनी. टेलिमार्केटिंगवाल्यांनी नेमकी तीच हेरली.

वास्तविक नियमाने विक्रीच्या कॉलसाठी १४० ही स्वतंत्र मालिका राखून ठेवली आहे. बँका, विमा कंपन्या यांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ही मालिका २०२४ मध्ये आली. पण १४० दिसताच ग्राहक फोन तोडतो. म्हणजे नियम पाळणाऱ्या विक्रेत्याचे कोणी ऐकत नाही आणि साध्या क्रमांकाआड लपणाऱ्याचे ऐकले जाते. हा विरोधाभास मालिका ठरवणाऱ्यांच्या लक्षात उशिरा आला असावा. त्यात एका वेळी ३० संभाषणे वाहणाऱ्या पीआरआय आणि इंटरनेटवरून चालणाऱ्या एसआयपी जोडण्यांनी लँडलाइनचे पत्त्याशी असलेले नाते जवळपास तोडलेच.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) १३ ऑगस्ट २०२४ रोजी नोंदणी नसलेल्या अशा विक्रेत्यांच्या जोडण्या तोडण्याचे व त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचे आदेश कंपन्यांना दिले. काही आठवड्यांतच पावणेतीन लाखांवर जोडण्या तुटल्या. रोगाचा आवाका त्यावरून कळावा. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने कारवाईचा उंबरठाही खाली आणला. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत, आता दहा दिवसांत पाच पुरतात. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली.

तरीही साध्या क्रमांकाचा माग लागण्यासाठी आधी कोणीतरी फोन उचलावा, त्रास सोसावा आणि १९०९ वर तक्रार करावी लागतेच. तोवर दुसऱ्या नावाने दुसरी जोडणी घेता येते. कंटाळलेला ग्राहक मग अनोळखी लँडलाइन उचलणेच सोडतो. त्याची झळ विक्रेत्याला नव्हे, तर तपासणीचा अहवाल गंभीर आहे हे सांगण्यासाठी दवाखान्याच्या साध्या लँडलाइनवरून दोनदा-तीनदा फोन लावणाऱ्या डॉक्टरांना आणि त्यांच्या रुग्णाला बसते.