चौदा घरं पुरतात

"रोज रील टाका, ट्रेंडिंग गाणं लावा, नाहीतर धंदा संपला." शिवऱ्यात माझ्या काकाला एका मार्केटिंगवाल्याने हा सल्ला दिला आणि वर महिन्याची फी सांगितली. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. अल्गोरिदमची भीती विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आधी हिशोब तरी करा! काकाकडे विकायला ८ क्विंटल इंद्रायणी. एक घर महिन्याला ५ किलो घेतं, म्हणजे वर्षाला ६० किलो. चौदा घरांत माल संपतो. मग लाखभर व्ह्यूज कशाला?

दाखवायचं काय? जे आहे तेच. जूनमध्ये रोपं, आषाढात लावणी, दिवाळीच्या आसपास झोडणी, मग गिरणी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एक मिनिट. भाव आणि वजन स्पष्ट. इंद्रायणीला पाणी किती घालायचं, हे गिऱ्हाईक नेहमी विचारतं; तोच एक व्हिडिओ.

"असलं साधं कोण बघतं?" नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींना विचारा. नातवाने मोबाइल धरला, आजींनी रोजचाच स्वयंपाक केला, आणि २०२० साली 'आपली आजी' घराघरांत पोचली.

काकाला तेवढंही नको. आज व्यापारी भाव पाडतो, कारण आपला तांदूळ कोण खातं हेच काकाला माहीत नाही. फोनमध्ये चौदा नंबर असले, की त्याला "या भावाला देत नाही" म्हणता येईल. व्हिडिओ त्यासाठी करायचा.