बहीण लाडकी, ओटीपी नवऱ्याचा

डिजिटल इंडियाने खेड्यातली बाई सक्षम झाली, हे वाक्य आता शाळेतल्या निबंधातही ठरलेले असते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ते तपासायला एकच प्रश्न पुरतो: घरातला मोबाईल कोणाच्या खिशात आहे?

2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजना सुरू झाली. दरमहा 1500 रुपये थेट बाईच्या खात्यात, मध्ये कोणी नाही. योजनेचे खरे मोल यातच होते. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसीची सक्ती झाली आणि मधला माणूस परत आला. बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक द्यायचा आणि त्याच्या मोबाईलवर आलेला ओटीपीही भरायचा.

मुदत होती 18 नोव्हेंबर, पुढे वाढवून 31 डिसेंबर. म्हणजे आधी भातकापणी, मग दिवाळी, आणि दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर. नवरा एका गावी, बायको दुसऱ्या गावी, आधारला जोडलेले सिमकार्ड कधीच बंद पडलेले. ओटीपी मात्र दहाच मिनिटे जगतो. ज्या घरात नवरा दारू पितो, तिथे त्या सहा आकड्यांची किंमत तो काय लावत असेल, ते सांगायला नको.

सरकार म्हणते, अपात्र लोक शोधायचे आहेत. जरूर शोधा. पण हजारो पुरुषांनी या योजनेचे पैसे उचलल्याचे उघड झाले होते. चोरी पुरुषांची आणि जामीनही पुरुषाचाच, हा कुठला न्याय? कुटुंबाची नोंद रेशनकार्डावर सरकारकडे आहेच.

ज्यांना नवरा आणि वडील नाहीत, त्यांच्यासाठी नंतर सोय झाली: मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश आणा. टाकून दिलेल्या बाईने काय आणायचे? 1966 मध्ये सात मुस्लिम महिला तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधानभवनावर चालून गेल्या. 2019 च्या कायद्याने तो तलाक अवैध ठरवला, हे चांगलेच झाले. पण आजही तीन शब्द बोलून नवरा निघून गेला, तर कायद्याने तलाक झालेला नाही म्हणून कागद नाही, आणि नवरा घरात नाही म्हणून ओटीपी नाही. न्यायालयाची पायरी न चढता सोडून दिलेल्या ठाकर, कुणबी बाईचेही तेच. आपल्या जमातींनीही मान खाली घालावी. लग्न लावून देताना सगळे हजर, बाईला टाकली की साधा लेखी दाखला द्यायला कोणी नाही.

मागणी साधी आहे. ओळख बाईची, तर ओटीपीही बाईच्याच मोबाईलवर यावा. मोबाईल नसेल, तर ग्रामपंचायतीत अंगठा घ्यावा. परित्यक्तेसाठी ग्रामसभेचा दाखला चालावा. तिच्या हक्काचे पैसे तिला मिळण्यासाठी कोणा पुरुषाची परवानगी लागता कामा नये.